ऊद : शब्द, वृक्ष आणि व्यवहार

गेल्या रमजानच्या अखेरच्या दिवसांत अत्तराच्या एका दुकानात बसलो असता एक तरुण ग्राहक आला. त्याला ईदसाठी ऊद हवा होता. विक्रेत्याने दोन कुप्या पुढे केल्या. एकीची किंमत दुसरीच्या दहापट. तरुणाने फरक विचारला, तेव्हा विक्रेत्याने आवाज किंचित खाली आणून सांगितले की, महाग कुपी ‘असली’ आहे आणि या ऊदात सात रोगांची शिफा असल्याचे खुद्द हदीसमध्ये आले आहे. हदीसचे नाव ऐकताच तरुणाने घासाघीस थांबविली आणि निमूटपणे पैसे मोजले.

विक्रेता लबाड होता, असे म्हणण्यास मन धजत नाही. त्यानेही ते कोणाकडून तरी ऐकले असावे आणि श्रद्धेने पुढे सांगितले असावे. परंतु त्या एका वाक्यात किती गोष्टींची सरमिसळ झाली होती, याचा विचार करीत मी घरी आलो. हदीसमध्ये सात शिफांचा उल्लेख आहे, हे खरे. तो ‘ऊद’ या शब्दानेच आला आहे, हेही खरे. मात्र तो ऊद म्हणजे त्या कुपीतील ऊद नव्हे. पवित्र नावाच्या आधारे वस्तू विकली जात असेल, तर ते नाव कोणत्या वस्तूचे आहे, हे जाणून घेणे ही विकणाऱ्याची आणि विकत घेणाऱ्याची दोघांचीही जबाबदारी ठरते. प्रस्तुत लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

अरबी भाषेत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, काठी, काटकी. हा मूळ अर्थ इतका साधा आहे की त्यावरून तारांच्या एका वाद्यालाही तेच नाव मिळाले. सुगंधी लाकूड म्हणून जे दूर देशांतून अरबस्तानात येई, त्यालाही लोक ऊद म्हणत आणि औषधी मूळ म्हणून जे हिंदुस्थानातून येई, त्यालाही ‘ऊदे हिंदी’ म्हणत. दोन वेगळ्या वनस्पती, दोन वेगळे उपयोग, नाव मात्र एक.

सात शिफांच्या हदीसचा प्रसंग असा. ह. उम्मे कैस बिन्ते मिहसन (रजि.) या प्रारंभीच्या स्थलांतरित स्त्रियांपैकी एक. त्या आपल्या लहान मुलाला घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आल्या. मुलाचा घसा सुजला होता आणि त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांनी बोट घालून ती सूज दाबली होती. मुलांना असा त्रास देणे प्रेषितांना आवडले नाही. त्यांनी ऊदे हिंदी वापरण्यास सांगितले, त्यात सात उपचार असल्याचे फर्माविले आणि घशाच्या विकारासाठी ते नाकावाटे, तर बरगड्यांजवळच्या दुखण्यासाठी तोंडाच्या एका बाजूने द्यावे, असेही सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. तिथेच निवेदनाच्या ओघात स्पष्टीकरण आले आहे की, ऊदे हिंदी म्हणजे कुस्त. इमाम जुहरी (रह.) यांचे एक विधानही तेथे नोंदले आहे : सातांपैकी दोन उपचार आम्हाला स्पष्ट करून सांगितले गेले, पाच सांगितले गेले नाहीत. ज्या विद्वानांनी आपले ज्ञान कोठे संपते हे इतक्या प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले, त्यांच्या नावावर आज पाचांची यादी छापून वाटली जाते, हे पाहून खेद होतो.

कुस्त म्हणजेच संस्कृतातील कुष्ठ आणि आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे कोष्ठ. हिमालयाच्या उंच भागात, विशेषतः काश्मीरमध्ये वाढणाऱ्या एका झुडपाचे ते मूळ आहे. त्याला उग्र गंध असतो, पण त्याचा आपल्या विषयातील सुगंधी लाकडाशी वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. मागणीपायी ही वनस्पतीही रानातून नाहीशी होत चालली. म्हणून १९८५ पासून तिचा समावेश वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. येथे एक सूचना आवश्यक वाटते. हदीसवरील श्रद्धा म्हणजे स्वतःच वैद्य होणे नव्हे. श्वास लागलेल्या मुलाच्या नाकात घरच्या घरी चूर्ण घालू नये, जाणकाराकडे न्यावे.

आता दुसरा ऊद. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत जन्नतमध्ये प्रथम प्रवेश करणाऱ्या समूहाचे वर्णन आहे. त्यांचे चेहरे पौर्णिमेच्या चंद्रासारखे असतील, कंगवे सोन्याचे असतील आणि त्यांच्या धूपदाण्यांत ‘उलुव्वा’ असेल, असा त्याचा आशय आहे. उलुव्वा म्हणजे जाळून सुगंध घेण्याचा ऊद, असा अर्थ भाष्यकारांनी दिला आहे. इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांनी बुखारीवरील आपल्या भाष्यात येथे एक शंका चर्चेला घेतली आहे. धूप तर निखाऱ्यावर टाकल्याशिवाय दरवळत नाही आणि जन्नतमध्ये आग कोठून असणार? त्यावर उत्तरेही दिली आहेत : अल्लाहच्या केवळ आज्ञेने तो पेटेल, किंवा ती आग इजा करणारी नसेल, किंवा न पेटताच सुगंध येईल. पूर्वीचे विद्वान एखाद्या शब्दापाशी किती जिज्ञासेने थांबत, याचा हा एक गोड नमुना आहे.

याच ऊदाचा या जगातील वापरही हदीसमध्ये आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचे शिष्य नाफेअ (रह.) सांगतात की, इब्ने उमर (रजि.) धूप घेत तेव्हा कधी निव्वळ उलुव्वाचा घेत, त्यात दुसरे काही मिसळत नसत, तर कधी उलुव्वासोबत कापूर टाकीत आणि प्रेषित (स.) असाच धूप घेत असत, असे सांगत. सहीह मुस्लिममध्ये हे निवेदन आले आहे. ‘निव्वळ’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे व्यवहाराची चर्चा करताना तो उपयोगी पडेल.

मराठी वाचकाला तर हा शब्द परका नाहीच. आपण रोज जिला उदबत्ती म्हणतो, तिच्यातील ‘ऊद’ हा अरबीतूनच आला आणि अगरबत्तीतील ‘अगर’ हे त्याच लाकडाचे भारतीय नाव, संस्कृत अगुरूवरून आलेले. म्हणजे एकाच काडीची आपली दोन्ही नावे एकाच वृक्षाकडे बोट दाखवितात. काडीत मात्र त्या वृक्षाचा कणही नसतो. शिवाय आपल्याकडे ‘ऊद घालणे’ म्हणताना जो पदार्थ निखाऱ्यावर टाकतात, तो बहुधा लोबानासारखा डिंक असतो. शब्द प्रवास करतात, वस्तू मागे राहतात. दुकानातील त्या तरुणाचा गोंधळ म्हणूनच काही आजचा नव्हे.

हे लाकूड तयार कसे होते, ते समजून घेतल्याशिवाय त्याच्या किमतीचे आणि त्यातील फसवणुकीचेही आकलन होणार नाही. ॲक्विलेरिया या कुळातील काही वृक्ष आसाम, त्रिपुरा आणि ईशान्येच्या इतर राज्यांपासून बांगलादेशातील सिल्हेट, म्यानमार, कंबोडिया, व्हिएतनाम, मलाया व इंडोनेशियापर्यंत वाढतात. आपल्या देशातील मुख्य जात ॲक्विलेरिया मलाक्सेन्सिस. निरोगी अगर वृक्षाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ गंधहीन असते. जळणापलीकडे त्याला फारसा भाव नाही. आसामात पूर्वी याच झाडाच्या सालीपासून ‘साँचीपात’ नावाची लेखनपत्रे तयार करीत आणि हस्तलिखिते त्यांवर लिहिली जात. सुगंधाचा मात्र निरोगी झाडात पत्ता नसतो.

तो येतो जखमेतून. आसामात एका पतंगाची अळी खोड पोखरून आत बोगदे करते. वीज पडून, फांदी मोडून किंवा कुऱ्हाडीचा घाव बसूनही झाड जखमी होते. त्या वाटेने बुरशी आत शिरते. तिला अडविण्यासाठी झाड जखमेच्या भोवती गडद, दाट राळ साठवू लागते. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते. फिकट लाकडात प्रथम तपकिरी रेषा उमटतात, मग पट्टे होतात आणि काही ठिकाणी लाकूड राळेने इतके भरून जाते की ते पाण्यात बुडते. चिनी भाषेतील त्याच्या नावाचा अर्थच ‘बुडणारा सुगंध’ असा आहे. जपानमधील नारा येथील शोसोइन भांडारात अशा लाकडाचा सुमारे दीड मीटर लांब आणि ११ किलोहून अधिक वजनाचा एक ओंडका शतकानुशतके जपून ठेवलेला आहे. ज्या थोर व्यक्तींना त्याचा तुकडा कापून घेण्याचा मान मिळाला, त्यांच्या नोंदी त्यावर चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत. एका लाकडाची एवढी बूज राखली जाते, यावरून त्याचे दुर्मीळपण कळावे.

बाहेरून पाहता कोणत्या झाडात राळ आहे आणि कोणत्या नाही, हे निश्चित सांगता येत नाही. रानातील थोड्याच झाडांना ही लागण आपोआप होते. म्हणून अगर शोधणारे एक झाड तोडीत, रिकामे निघाले की दुसरे तोडीत. या वृक्षाच्या ऱ्हासाचे मूळ येथे आहे. लोभ तर होताच, पण लोभाच्या जोडीला हे अज्ञान होते.

तेल काढण्याची रीतही कष्टाची. राळ असलेले लाकूड वेगळे करून त्याच्या ढलप्या धूपासाठी राखतात. हलक्या प्रतीचे लाकूड कुटून, अनेक दिवस पाण्यात भिजवून मोठ्या भांड्यात उकळतात आणि वाफ थंड करून पाण्यावर तरंगणारा तेलाचा पातळ थर हलक्या हाताने काढून घेतात. भट्टी दिवसरात्र चालते. निघते ते फार थोडे. आसामातील होजाई आणि सिल्हेटकडील सुजानगर ही या व्यवसायाची नावाजलेली ठिकाणे. दोन्हीकडे हा धंदा प्रामुख्याने मुस्लिम कुटुंबांच्या हातात आहे. होजाईच्याच हाजी अजमल अली यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई गाठली आणि आसामचा अगर मुंबईमार्गे आखाती देशांत नेणारा मोठा व्यापार उभा राहिला. मुंबईच्या अत्तरबाजारात आज जो ‘आसामी ऊद’ मिळतो, त्यामागे ही वाट आहे.

वाट अर्थात त्याहून फार जुनी. सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षाला पाठविलेल्या भेटींत वेळूच्या नळ्यांत भरलेले काळ्या अगरूचे तेल होते, असे बाणभट्टाच्या हर्षचरितात वर्णन आहे. म्हणजे प्रेषित (स.) यांच्या काळाच्या आसपास हे तेल एका राजाने दुसऱ्या राजाला द्यावे, अशा योग्यतेचे मानले जात होते. अरब व्यापारी ऊदाची प्रत त्याच्या मूळ प्रदेशावरून ओळखत. ‘सन्फी’ म्हणजे चंपा देशाचा, आजच्या व्हिएतनामकडील. ‘कमारी’ म्हणजे ख्मेर देशाचा. अबुल फज्ल यांच्या आईने अकबरीतही बादशहाच्या खुशबूखान्याच्या वर्णनात ऊदाचे प्रकार नोंदले आहेत.

इस्लामी समाजाने या सुगंधाला राजदरबारातच ठेवले नाही, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. ह. आयेशा (रजि.) यांचे निवेदन आहे की, वस्तीवस्तीत मशिदी बांधाव्यात आणि त्या स्वच्छ व सुगंधित ठेवाव्यात, अशी आज्ञा प्रेषितांनी दिली होती. हदीसच्या निवेदकांत नुऐम बिन अब्दुल्लाह (रह.) हे एक विश्वसनीय नाव आहे. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्यापासून त्यांनी पुष्कळ हदीस सांगितल्या. परंतु ग्रंथांत ते ‘अल्-मुज्मिर’ या नावाने ओळखले जातात. मुज्मिर म्हणजे धूप देणारा. मस्जिदे नबवीत धूप फिरविण्याचे काम ते करीत, म्हणून हे नाव पडले. विद्वत्ता आणि धूपदाणी एकाच हातात होती आणि इतिहासाने त्यांना ओळखले ते धूपदाणीवरून. आज आपल्या मशिदींत हे काम कोणाकडे असते आणि त्याच्याशी आपण कसे बोलतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता व्यवहाराकडे वळतो, कारण खरा प्रश्न तेथेच आहे.

जी वस्तू सोन्याच्या मापाने विकली जाते, तिच्यात भेसळ होणारच. अरब तत्त्वज्ञ अल्-किंदी यांच्या नावे अत्तरे व ऊर्ध्वपातनावर नवव्या शतकातील एक ग्रंथ आहे. त्यात सुगंधी तेलांच्या कृती आहेत, तशाच महागड्या द्रव्यांच्या हुबेहूब नकला तयार करण्याच्या कृतीही आहेत. पुढे सहाव्या हिजरी शतकात शैजरी यांनी बाजार-निरीक्षकासाठी, म्हणजे मुहतसिबासाठी, मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात अत्तरविक्रेत्यांसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवून भेसळ कशी ओळखावी, हे सांगितले. एका बाजूला नक्कल करण्याची विद्या आणि दुसऱ्या बाजूला ती पकडण्याची. आज नकलेची विद्या कितीतरी पुढे गेली आहे. मुहतसिब मात्र बाजारात दिसत नाही.

सध्याच्या युक्त्या साधारणपणे अशा. निरोगी, राळहीन लाकडाला रंग आणि तेल पाजून काळे व जड करतात. मग ते पाण्यात बुडते आणि ‘बुडते म्हणजे असली’ ही जुनी कसोटी निकामी ठरते. असा तुकडा निखाऱ्यावर ठेवला की डोळ्यांना झोंबणारा काळा धूर येतो. अस्सल तुकड्यातील राळ तापली की बुडबुडत वितळते आणि सुगंध क्रमाक्रमाने बदलत जातो. तेलात गंधहीन रासायनिक द्रव मिसळून वजन वाढवितात. आणि बाजारातील फार मोठा भाग तर झाडाशी संबंध नसलेल्या कृत्रिम मिश्रणाचा आहे. २००२ मध्ये पॅरिसच्या इव्ह सां लोराँ या संस्थेने ऊदावर बेतलेले एक अत्तर काढले. पुढील काळात पाश्चात्य बाजारात ऊदाची लाटच आली. एवढ्या कुप्या भरण्याइतके अस्सल तेल पृथ्वीवर निघत नाही, हे साधे गणित आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कृत्रिम सुगंध विकणे हराम नाही. प्रयोगशाळेत तयार झालेला गंध स्वच्छ असेल, शरीराला अपाय करीत नसेल आणि त्याचे खरे स्वरूप सांगून विकला जात असेल, तर तो निर्वेध आहे. गरिबाला ऊदासारखा सुवास अल्प किमतीत मिळाला, तर त्यात वाईट ते काय? पाप आहे ते नावात. आदरणीय प्रेषित (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी विचारले की, लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असा इशारा दिला. नीट पाहिले तर त्या व्यापाऱ्याने तोंडाने एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता. त्याने केवळ रास रचली होती, कोरडे वर आणि ओले खाली. पाऊसही त्याने पाडला नव्हता. तरीही दोष त्याचा ठरला, कारण ओल त्याला ठाऊक होती आणि ग्राहकाला नव्हती. काळ्या मखमलीच्या पेटीत ठेवलेली, अरबी अक्षरे कोरलेली, काबागृहाचे चित्र चिकटविलेली कुपी ही अशीच रचलेली रास असू शकते.

ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या निवेदनानुसार, विकणारा आणि घेणारा यांनी खरे बोलून दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, लपविले व खोटे बोलले तर ती बरकत पुसली जाते. म्हणजे घेणाराही यातून सुटत नाही. जो जाणकार ग्राहक एखाद्या अडाणी माणसाकडील अस्सल तुकडा क्षुल्लक लाकूड म्हणून पळवितो, त्यानेही आरशात पाहावे.

अगरच्या व्यापारात आणखी एक गुंतागुंतीचा प्रश्न येतो आणि फिकहच्या विद्यार्थ्याला तो विशेष रोचक वाटेल. आसामात पुष्कळ कुटुंबांच्या परसात अगरची झाडे असतात. व्यापारी येतो, खोडावरील भोके, वाळलेले शेंडे, सालीचा रंग पाहून आत किती राळ असेल याचा अंदाज बांधतो आणि उभ्या झाडाचा सौदा करतो. झाड फाडल्यावर कधी घबाड हाती लागते, कधी फिकट लाकूड. असा सौदा शरीअतच्या दृष्टीने कसा आहे?

प्रेषितांनी ‘गरर’ असलेल्या व्यवहाराची मनाई केली आहे. गरर म्हणजे ज्याचे अस्तित्व, प्रमाण किंवा परिणाम अज्ञात आहे, अशी अनिश्चितता. मात्र प्रत्येक अनिश्चितता निषिद्ध नाही, अन्यथा डाळिंबही फोडल्याशिवाय विकता आले नसते. हनफी पंथाच्या ‘हिदाया’ या सुप्रसिद्ध ग्रंथात इमाम मर्गीनानी (रह.) यांनी (मृत्यू ५९३ हि.) याची उदाहरणे दिली आहेत. कणसातील गहू, शेंगेतील दाणे, अक्रोड व बदाम यांची त्यांच्या सालीसह विक्री हनफी मतानुसार वैध आहे. अक्रोडाच्या बाहेरच्या सालीबाबत इमाम शाफई (रह.) यांचे मत वेगळे आहे, आतील कठीण कवच चालेल, त्यावरील हिरवी साल नको. आपल्या कोकणातील शाफई बांधवांनी आणि देशावरील हनफी बांधवांनी हा मतभेद आदराने समजून घ्यावा. पण त्याच हिदायात जनावराच्या कासेतील दूध न काढता विकणे अवैध म्हटले आहे आणि कारण मोठे मार्मिक आहे : कास दुधाने भरली आहे असे वाटते, परंतु ती नुसती फुगलेली असू शकेल.

उभा अगर वृक्ष अक्रोडासारखा आहे की कासेसारखा? अक्रोडात गर असतोच. नसणे हा अपवाद. अगर वृक्षात राळ असणे हाच अपवाद. या कारणास्तव मला तो कासेच्या उदाहरणाला अधिक जवळचा वाटतो. झाड केवळ झाड म्हणून, लाकडाच्या भावाने विकले तर प्रश्नच येत नाही. परंतु भाव राळेचा आकारायचा आणि राळ आहे की नाही हे दोघांनाही ठाऊक नाही, तेव्हा तो सौदा जुगाराच्या उंबरठ्यावर येतो. त्यात नुकसान होते ते बहुधा परसातील झाडाच्या मालकाचे, कारण पारख व्यापाऱ्याकडे असते. झाड तोडून, फाडून, समोर तोलून भाव ठरविणे किंवा मालक व व्यापारी यांनी येणाऱ्या उत्पन्नात हिस्सा ठरवून भागीदारी करणे, हे मार्ग मोकळे आहेत. हा अभ्यासकाचा विचार आहे, फतवा नव्हे. प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्यांनी आपल्या मुफ्तींना सर्व तपशील सांगून विचारावे.

वृक्षाविषयी थोडे राहिले. रानातील तोडीमुळे ॲक्विलेरिया मलाक्सेन्सिस आज अतिसंकटग्रस्त जातींत गणली जाते. १९९४ मध्ये साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येईल अशा यादीत, तिचा समावेश करण्याचा निर्णय झाला आणि २००४ मध्ये ॲक्विलेरियाच्या सर्व जाती त्या यादीत घेण्याचे ठरले. उमरा किंवा हजहून परतताना ऊदाच्या ढलप्या आणणाऱ्यांनीही नियम विचारून घ्यावेत. दिलासा एवढाच की, आता लागवडीची झाडे वाढत आहेत. खोडाला भोके पाडून त्यांत बुरशीचे द्रावण सोडतात आणि राळ तयार होण्याची वाट पाहतात. जो काळ किडीवर आणि विजेवर सोपविलेला होता, तो माणसाने हाती घेतला आहे. अशा झाडातील सुगंध रानातल्याइतका सखोल नसतो, असे जुने पारखी म्हणतात. असेलही. पण रानात उरलेले झाड उभे राहणार असेल, तर नाकाने एवढी तडजोड करण्यास हरकत नसावी. मुस्लिम माणसाने लावलेल्या झाडाचे पक्ष्याने, जनावराने किंवा माणसाने खाल्ले तरी ते त्याच्यासाठी दान ठरते, ही हदीस आपण मुलांना शिकवितो. होजाईच्या परसात अगर लावणारा शेतकरी आणि कुपी उघडणारा मुंबईकर या दोघांनाही ती लागू आहे.

वापराचे नियम बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. इहरामच्या अवस्थेत सुगंध वर्ज्य आहे. धूप घेतलेल्या स्त्रीने त्या अवस्थेत मशिदीत इशाच्या नमाजला येऊ नये, अशी सूचना हदीसमध्ये आहे. घरात तिला मनाई नाही. कोणी सुगंध देऊ केला तर तो नाकारू नये, कारण तो वाहण्यास हलका आणि वासाने चांगला असतो. कर्ज काढून ऊद घेणे आणि लग्नात पाहुण्यांना दिसावे म्हणून किलोवारी धूप जाळणे हा अपव्यय आहे, मग त्यावर सुन्नतचे लेबल कितीही ठळक लावलेले असो.

जुम्माच्या गुस्लविषयीची जी हदीस बुखारीत आहे, तिच्यात एक बारकावा आहे. स्नान करावे, शक्य तितकी स्वच्छता करावी, तेल लावावे किंवा ‘आपल्या घरातील’ सुगंधापैकी काही लावावे, असा तिचा आशय. घरातील म्हणजे जे घरी आहे ते. गुलाबाचे अत्तर असेल तर ते, मोगऱ्याचे असेल तर ते, सणावाराला आणलेल्या स्वस्त कुपीच्या तळाशी उरलेले असेल तर तेही. त्या दुकानातून बाहेर पडलेल्या तरुणाला मी हे सांगू शकलो असतो. सांगितले नाही, याची खंत आहे.

ज्यांच्या घरी ऊदाचा अस्सल तुकडा असेल, त्यांनी तो लाल निखाऱ्यावर टाकू नये. करपतो आणि धूरच अधिक होतो. निखाऱ्यावर राख पसरावी, वर अभ्रकाची पातळ चकती ठेवावी आणि तिच्यावर तुकडा ठेवावा. एका खोलीला नखाएवढा पुरतो.